किती आणि कशांत?

अमळनेरच्या बाजारांत सणासुदीच्या दिवसांत तेलाचा डबा घ्यावयास आलेला गिऱ्हाईक दुकानदारास विचारतो, "शेठ, डबा पंधराचाच ना?" दुकानदार वहींतून मान वर न करतां सांगतो, "पंधराचाच, भाऊ." दोघांचेंहि समाधान होतें आणि डबा हातगाडीवर चढतो. पंधरा खरे, पण पंधरा काय? किलो कीं लिटर? हा प्रश्न कोणींच विचारलेला नसतो, आणि तो न विचारल्याबद्दल कांहीं पैसे मात्र गिऱ्हाइकाच्या खिशांतून गेलेले असतात.

बाजारांत दोन्ही प्रकारचे डबे मिळतात. तेल पाण्याहून हलकें असतें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो भरतें. एक लिटर खाद्य तेलाचें वजन सुमारें ९१० ग्रॅमच भरतें. म्हणून १५ लिटरांच्या डब्यांत तेल असतें १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोंच्या डब्याहून तें १ किलो ३५० ग्रॅम कमी. समजा, लिटरांचा डबा २,४०० रुपयांस व किलोंचा डबा २,५५० रुपयांस मिळत आहे. वरवर पाहणारास पहिला दीडशें रुपयांनीं स्वस्त वाटेल. पण भागाकार केला कीं, पहिल्यांतील तेल किलोस सुमारें १७६ रुपये पडतें व दुसऱ्यांतील १७० रुपये. स्वस्त दिसणारा डबाच महाग ठरतो.

त्यांत आणखी एक मेख आहे. तेल तापलें कीं फुगतें. सोयाबीनच्या तेलाचा एक लिटर २१ अंश सेल्सिअस तपमानास सुमारें ९१९ ग्रॅम भरतो, तर ६० अंशांस सुमारें ८९३ ग्रॅमच भरतो. वेष्टनावर असें चढें तपमान छापून लिटरांत माप देणाऱ्या कारखानदारांस केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२२ मध्यें बजावलें कीं, तपमानाचा उल्लेख काढून टाका, आणि छापलेलें घनफळ व छापलेलें वजन यांचा मेळ राहूं द्या. घनफळ म्हणजे वस्तूनें व्यापलेली जागा आणि वजन म्हणजे तिचा भार, हा शाळेंतील भेद असा थेट स्वयंपाकघरांत येऊन उभा राहतो.

जुन्या पिढीला हा घोटाळा नवा नव्हता. मराठींत 'शेर' हा शब्द मापासहि होता आणि वजनासहि होता. धान्य मापी शेरानें जाई, गूळ व तूप वजनी शेरानें जाई. चार मापी शेरांची एक पायली. वजनी शेराची तऱ्हा तर आणखीच निराळी. मुंबईकडचा जुना शेर २८ तोळ्यांचा, म्हणजे आजच्या मानानें सुमारें ३२७ ग्रॅमांचा. आणि पक्का सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमांचा. एकाच नांवाखालीं जवळजवळ तिपटीचें अंतर! सोयरिकीच्या निमित्तानें एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत आलेल्या सुनेस पहिला महिना शेराचा अर्थ लावण्यांतच घालवावा लागला असला तर नवल नाहीं.

सरकारनें १९५६ सालीं कायदा करून दशमान पद्धति स्वीकारली. १ ऑक्टोबर १९५८ पासून तीं वजनें हळूहळू व्यवहारांत येऊं लागलीं आणि पुढील चार-पांच वर्षांत शेर व मण अधिकृत व्यवहारांतून निघून गेले. या पद्धतीचें नांव दहाच्या पटीवरून पडलें. पण तिची खरी खुबी अशी कीं, लांबी, घनफळ आणि वजन या तिघांची तिनें पाण्याच्या साक्षीनें गांठ घातली. फ्रान्समध्यें १७९५ सालीं ठरलें कीं, एक सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा जो घन, त्यांत मावणाऱ्या शुद्ध पाण्याचें वजन म्हणजे एक ग्रॅम. त्याच घनाच्या घनफळास मिलिलिटर म्हणतात. औषधाच्या सुईवर 'सीसी' म्हणून जें लिहिलेलें असतें तें हेंच घन सेंटिमीटर. एक सीसी आणि एक मिलिलिटर यांत कांहींहि फरक नाहीं.

यापुढील पायऱ्या चढतांना मात्र पाय घसरतो. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर हें लहान मुलासहि पाठ असतें. मग एक घनमीटर म्हणजे १०० घन सेंटिमीटर, असें तें चटकन सांगून मोकळें होतें. पण घनास लांबी, रुंदी व उंची असे तीन हात आहेत. म्हणून १०० तीन वेळां गुणावे लागतात आणि उत्तर येतें दहा लक्ष. १०० च्या जागीं १०,००,०००! हिशेब असा ध्यानांत ठेवावा: एक सेंटिमीटरचा घन म्हणजे एक मिलिलिटर, दहा सेंटिमीटरचा घन म्हणजे एक लिटर, एक मीटरचा घन म्हणजे एक हजार लिटर. पाणी असेल तर वजनें अनुक्रमें एक ग्रॅम, एक किलो आणि एक टन.

हीच शिडी पुढें धरणापर्यंत जाते. गिरणा धरणांत उपयुक्त पाणी सुमारें साडेअठरा टीएमसी मावतें असें एक वर्तमानपत्र लिहितें, तर दुसरें सुमारें ५२४ दलघमी मावतें असें लिहितें. वाचणारास वाटतें कीं, दोघांपैकीं एक खोटें असलें पाहिजे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आणि दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका टीएमसींत २८.३२ दलघमी असतात. गुणून पाहिलें कीं दोन्ही वर्तमानपत्रें खरीं ठरतात. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर, हेंहि जातां जातां लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

शास्त्रज्ञांच्या हातूनहि या शिडीवर एकदां पाय चुकला होता. १९०१ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें लिटरची व्याख्या घनावरून न करतां एक किलो पाण्याच्या जागेवरून केली. किलोचें मूळ वजन घडवितांना अत्यल्प फरक राहून गेलेला होता. त्यामुळें लिटर हा दहा सेंटिमीटरच्या घनाहून दशलक्षांत २८ भागांनीं मोठा झाला. एवढासा फरक स्वयंपाकांत कोणास कळणार? पण सूक्ष्म मोजणींत तो खुपूं लागला, आणि १९६४ सालीं ती व्याख्या रद्द करून लिटर पुन्हां घनावर बसविण्यांत आला.

येथवर प्रश्न 'किती' एवढाच होता. आतां त्याचा जोडीदार येतो, तो म्हणजे 'कशांत'.

अमळनेरांत प्रतापशेठ यांच्या आश्रयानें १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें. तेथें येणाऱ्या अभ्यासकांच्या तोंडीं 'प्रमाण' हा शब्द नेहमीं असे. ज्ञान खरें कीं खोटें हें ज्यानें ठरतें तें प्रमाण: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्याच गांवांतल्या माजघरांतहि 'प्रमाण' हाच शब्द चाले. पण तेथें त्याचा अर्थ, पिठास मोहन किती आणि पाण्यास मीठ किती, असा असे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांस परके नाहींत. मिश्रणांतील प्रमाण बोलून दाखविल्याखेरीज त्या मिश्रणाबद्दलचें कोणतेंहि विधान खरें कीं खोटें हें ठरवितां येत नाहीं. 'यांत मीठ दहा ग्रॅम आहे' हें वाक्य अर्धें आहे. दहा ग्रॅम मीठ वाटीभर पाण्यांत असेल तर तें तोंडांत धरवणार नाहीं. हंडाभर पाण्यांत असेल तर चवहि लागणार नाहीं. मीठ तेवढेंच, परंतु तीव्रता निराळी. शास्त्रीय पुस्तकांत हिलाच संहती म्हणतात.

तीव्रता सांगण्याच्या अनेक तऱ्हा आहेत आणि त्या सर्व एकाच वाटेवरील मुक्काम आहेत. शंभर मिलिलिटर पाण्यांत एक ग्रॅम पदार्थ असला कीं त्यास शेंकडा एक म्हणतात. तेंच लिटरास दहा ग्रॅम होतें, तेंच एका मिलिलिटरास दहा मिलिग्रॅम होतें, आणि पाण्यासारख्या पातळ द्रवांत तेंच दशलक्षांत दहा हजार भाग होतें. शेंकडा ०.९ असें जें सलाइनच्या बाटलीवर छापलेलें असतें त्याचा अर्थ लिटरास नऊ ग्रॅम मीठ, याहून अधिक गूढ नाहीं. मात्र 'शेंकडा' शब्द वापरतांना वजनांत वजन, घनफळांत वजन कीं घनफळांत घनफळ, हें बोलून दाखवावें लागतें. नाहीं तर पंधराच्या डब्याचीच गोष्ट पुन्हां घडते.

शेंकड्याचा हिशेब अमळनेरच्या इतिहासांतहि येतो. १९४५ सालीं या गांवीं मोहम्मद हाशम प्रेमजी यांनीं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नांवाचा वनस्पती तुपाचा कारखाना काढला. पुढें विप्रो या नांवानें जगभर माहीत झालेल्या उद्योगाचें मूळ तें हेंच. वनस्पती गोठविलेलें तेल असतें, दिसावयास तुपासारखें. म्हणून साजूक तुपांत तिची भेसळ होण्याचें भय फार. त्यावर सरकारनें एक युक्ति योजिली. प्रत्येक वनस्पतींत वजनानें निदान शेंकडा पांच तिळाचें तेल घातलेंच पाहिजे, असा नियम घालून दिला. तिळाच्या तेलाचा गुण असा कीं, हायड्रोक्लोरिक आम्ल व फर्फ्युरॉल यांच्या योगानें तें लालसर रंग दाखवितें. आतां एखाद्यानें तुपांत शेंकडा वीस वनस्पती मिसळली, तर त्या मिश्रणांत तिळाचें तेल राहिलें पांचाचा पांचवा हिस्सा, म्हणजे शेंकडा एक. एवढ्याशा अंशानेंहि परीक्षानळी लाजून लाल होते आणि लबाडी उघडी पडते. पातळ केल्यावर तीव्रता किती उरते, या साध्या त्रैराशिकावर तुपाची अब्रू टांगलेली होती.

पातळ करण्याच्या या हिशेबांत एक चूक घरोघर होते. कोविडच्या सांथींत, २०२० सालीं, पुष्कळ घरांत शेंकडा पांचाच्या हायपोक्लोराइटपासून शेंकडा अर्ध्याचें द्रावण करण्याची वेळ आली. दहापट पातळ करावयाचें म्हणून कित्येकांनीं एका भागांत दहा भाग पाणी ओतलें. वस्तुतः एका भागाचे एकंदर दहा भाग व्हावयास हवेत. म्हणजे पाणी नऊच भाग हवें. १०० मिलिलिटरांत ९०० मिलिलिटर पाणी घातलें तर शेंकडा अर्धा होतो. हजार घातलें तर तो शेंकडा ०.४५ होतो. येथें फरक थोडा आहे. परंतु दुप्पट पातळ करतांना हीच चूक केली तर दोहोंच्या जागीं तीन भाग होतात, आणि मग ती चूक थोडी राहत नाहीं.

खानदेशांत विहिरींचें पाणी पिणारीं गांवें पुष्कळ. पूर्वीं पटकीच्या दिवसांत विहिरींत परमँगनेटचें लाल औषध टाकीत. नंतर ब्लीचिंग पावडर आली. ती किती टाकावी हें विहिरींतील पाण्यावर अवलंबून आहे, आणि तें पाणी मोजावयास दोरी व गुणाकार पुरे. विहीर तीन मीटर रुंद व पाणी चार मीटर खोल असलें, तर दीडाचा वर्ग सव्वादोन, त्यास ३.१४ नें व मग चारानें गुणावें. उत्तर येतें सुमारें २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. हजार लिटरांस अडीच ग्रॅम चांगली पावडर या मानानें सत्तर ग्रॅम पावडर लागते.

पण 'चांगली' हा शब्द येथें फार महत्त्वाचा आहे. ताज्या पावडरींत उपयोगी क्लोरिन वजनाचा सुमारें एक-तृतीयांश असतो. सत्तर ग्रॅमांत तो सुमारें २३ ग्रॅम, आणि २८ घनमीटरांस भागितला तर लिटरास ०.८३ मिलिग्रॅम पडतो. लिटरास मिलिग्रॅम आणि घनमीटरास ग्रॅम हीं एकच मापें आहेत, म्हणून भागाकार इतका सोपा. त्यांतील कांहीं क्लोरिन घाण जाळण्यांत खर्ची पडतो आणि कांहीं पाण्यांत पहारा करीत उरतो. लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरावा असें भारतीय मानक सांगतें. तीच पावडर तोंड उघड्या पोत्यांत पावसाळाभर पडून राहिली आणि तिच्यांतील क्लोरिन शेंकडा पंधरावर आला, तर त्याच सत्तर ग्रॅमांतून लिटरास ०.३७ मिलिग्रॅमच मिळतो. गढूळ पाण्यांत तेवढा खर्ची पडून पहारेकरी एकहि उरत नाहीं. पावडर टाकल्याची नोंद वहींत होते, ग्रॅमहि बरोबर असतात, आणि तरीहि गांवांत जुलाब सुरू होतात. चूक 'किती' मध्यें नसते; 'कशांत' मध्यें असते.

आतां हाच प्रश्न घराच्या आंत, पाळण्यापाशीं येतो. समजा, एका घरीं दहा किलो वजनाचें मूल तापानें फणफणलें आहे. डॉक्टरांनीं पॅरासिटामॉलचें पातळ औषध पांच मिलिलिटर देण्यास सांगितलेलें आहे. ती बाटली संपली म्हणून घाईंत दुसरी आणली. नांव तेंच, रंग तोच, वासहि तोच. आजी विचारते, "सूनबाई, एक चमचाच ना गं?" सून म्हणते, "हो आई, नेहमींसारखा एक चमचा." परंतु पहिल्या बाटलीवर 'पांच मिलिलिटरांत १२० मिलिग्रॅम' असें होतें, आणि दुसरी थेंबांची बाटली असून तिच्यावर 'एक मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम' असें आहे. चमचाभर पहिल्या औषधांतून मुलास १२० मिलिग्रॅम मिळत. चमचाभर दुसऱ्यांतून ५०० मिलिग्रॅम जातील, म्हणजे चौपटीहून अधिक. रात्रींतून असें तीन-चारदां झालें तर ताप उतरविणारें औषधच यकृतावर उठूं शकतें. उलट, थेंबांच्या औषधाचें १.२ मिलिलिटर हें माप ध्यानांत ठेवून तेवढेंच पहिलें औषध दिलें, तर मुलास अवघे २९ मिलिग्रॅम मिळतील. मग ताप उतरणार नाहीं आणि औषध खोटें म्हणून दोष दुकानदारावर येईल.

हा धोका कल्पनेंतला नाहीं. अमेरिकेंत तान्ह्या मुलांच्या थेंबांचें औषध व मोठ्या मुलांचें औषध यांच्या तीव्रता निरनिराळ्या असत. त्यांतून चुका होत राहिल्या, म्हणून २०११ सालीं तेथील कारखानदारांनीं दोहोंसाठीं पांच मिलिलिटरांत १६० मिलिग्रॅम ही एकच तीव्रता ठेवण्याचें ठरविलें. भारतांतील दुकानांत निरनिराळ्या तीव्रतेच्या बाटल्या शेजारीं शेजारीं असतात. अशा वेळीं तत्त्वज्ञान मंदिरांतील प्रमाणें उपयोगी पडतात. प्रत्यक्ष फसवितें, कारण दोन्ही द्रव सारखेच दिसतात. शब्द म्हणजे बाटलीवरील चिठ्ठी, ती पूर्ण वाचावी. आणि अनुमान म्हणजे भागाकार, तो करावा: मिलिग्रॅमांस मिलिलिटरांनीं भागून एका मिलिलिटरांत औषध किती हें काढावें, आणि डॉक्टरांस 'किती चमचे' असें न विचारतां 'किती मिलिग्रॅम, म्हणजे या बाटलीचे किती मिलिलिटर' असें विचारावें. औषधी चमचा पांच मिलिलिटरांचा मानतात. फडताळांतील चमचे त्या मापाचे असतीलच असें नाहीं. बाटलीबरोबर येणारें मापाचें झाकण किंवा पिचकारी फेकून देऊं नये, हें सांगण्याचें कारण एवढेंच.

तीव्रतेचा सर्वांत सुंदर हिशेब मात्र एका स्वस्त पुडींत बांधलेला आहे. जुलाबांनीं माणूस मरतो तो बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें मरतो. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत, बनगांव येथें, पटकीचा कहर झाला आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून पाण्यांत विरघळून पाजण्यास सुरुवात केली. छावणींत शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें मान त्यांच्या रुग्णांत शेंकडा चाराच्या खालीं आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं सुधारलेल्या पुडींत लिटरास २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतें. एकंदर साडेवीस ग्रॅम.

ग्रॅमांत पाहिलें तर यांत कांहीं संगति दिसत नाहीं. साखर मिठाच्या पांचपट कां, हें कळत नाहीं. त्यासाठीं वजन सोडून संख्या मोजावी लागते. जळगांवचीं केळीं किलोवर घेतलीं आणि लिंबें किलोवर घेतलीं तर नग सारखे येत नाहींत, कारण केळें जड व लिंबू हलकें. रेणूंचेंहि तसेंच. मिठाचा रेणू ५८ भाराचा, तर ग्लुकोजचा १८० भाराचा. रसायनशास्त्रांत नग मोजण्याचें डझनासारखें जें माप आहे त्यास मोल म्हणतात, आणि त्याचा हजारावा भाग तो मिलिमोल. साडेतेरा ग्रॅम ग्लुकोजला १८० नें भागलें तर लिटरास ७५ मिलिमोल येतात. मिठांतला सोडियम सुमारें ४५ आणि सायट्रेटमधला सुमारें ३० मिळून तोहि ७५ च येतो. पंचाहत्तरास पंचाहत्तर! आंतड्याच्या अस्तरांत सोडियम व ग्लुकोज हातांत हात घालून आंत शिरतात आणि त्यांच्यामागें पाणी जातें, हें रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं मांडलें. ती जोडी जुळावी म्हणून दोघांचे नग सारखे ठेवलेले आहेत. ग्रॅमांत लपलेलें हें कारण मिलिमोलांत उघड होतें.

ही पुडी एक लिटरची आहे, आणि येथेंच घात होतो. बाजारांत एका लिटरची आणि २०० मिलिलिटरची अशा दोन्ही पुड्या मिळतात. लिटरची पुडी एका पेल्यांत, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यांत कालवली, तर द्रावण पांचपट तीव्र होतें. सोडियम ७५ च्या जागीं ३७५ मिलिमोल होतो. रक्तांत तो लिटरास १३५ ते १४५ मिलिमोल असतो. असलें खारट पाणी तहान भागविण्याऐवजीं अंगांतलेंच पाणी आंतड्यांत ओढतें आणि रक्तांतील मीठ वाढवितें. लहान मुलाच्या मेंदूस त्यानें इजा होऊं शकते. मायेनें पाजलेला पेला असा उलटतो. म्हणून पुडी फोडण्यापूर्वीं तिच्यावरील पाण्याचें माप वाचावें आणि सबंध पुडी तेवढ्याच पाण्यांत विरघळावी. अर्धी पुडी अंदाजानें घालूं नये. पुडी हाताशीं नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा व मिठाचा अर्धा, असे पांच मिलिलिटरांचे सपाट चमचे घालावेत. शीग भरलेला चमचा येथें चालत नाहीं. गोड पेयांवर 'ओआरएस' असें नांव छापून विकण्याचा प्रकारहि पुष्कळ वर्षें चालला होता. अन्नसुरक्षा प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२५ मध्यें त्यास मज्जाव केला. नांव तेंच, पण प्रमाण तें नव्हे, याचाच तो एक नमुना होता.

ज्या श्रोत्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांस मिलिमोल आणखी एका वाटेनें भेटतो. पुण्यांतील आई दूरध्वनीवर सांगते, "उपाशीपोटींची साखर १२६ आली रे." लंडनमधील मुलगा दचकतो, कारण त्याच्या डॉक्टरांकडे चांगली साखर पांच आणि वाईट सात असते. आईचा आंकडा १०० मिलिलिटर रक्तांतील मिलिग्रॅमांचा, मुलाचा लिटरांतील मिलिमोलांचा. ग्लुकोजचा भार १८० आणि लिटरांत १०० मिलिलिटर दहा वेळां, म्हणून १८ नें भागावें. १२६ भागिले १८ म्हणजे बरोबर सात. आई घाबरविण्याजोगी आजारी नाहीं, पण डॉक्टरांकडे जाण्याजोगी आहे. मधुमेहाची सीमारेषा तीच. कोलेस्टेरॉलसाठीं मात्र हा १८ चालत नाहीं. त्याचा रेणू अधिक भाराचा, म्हणून तेथें भाजक ३८.७ घ्यावा लागतो.

इतक्या हिशेबांतून लक्षांत ठेवावयाचें थोडेंच आहे. घनफळाची शिडी एक: मिलिलिटर, लिटर, घनमीटर, प्रत्येक पायरीस हजार. तीव्रतेची शिडी एक: शेंकडा एक म्हणजे लिटरास दहा ग्रॅम, म्हणजे मिलिलिटरास दहा मिलिग्रॅम. आणि कोणताहि आंकडा कानीं पडला कीं विचारावयाचे प्रश्न दोन: किती, आणि कशांत? तेलाच्या दुकानांत हे प्रश्न विचारले तर शंभर-दीडशें रुपये वांचतील. विहिरीच्या कांठीं विचारले तर गांव वांचेल. आणि रात्रीं दोन वाजतां, दिव्याच्या उजेडांत बाटलीवरील बारीक अक्षरें वाचीत एखादी आजी सुनेला म्हणेल, "थांब गं, आधीं बघ एका मिलिलिटरांत किती आहे तें," तर त्या घरांतील मूल सकाळीं उठून नेहमींसारखें हट्ट करीत अंगणभर धांवेल.